कोणाचं तळघर जास्त हलतं

थोरलीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. लाँड्रीच्या दारापर्यंत बारा महिने वाफाळतं पाणी. गॅसच्या बिलातून सुटका. रोज सकाळी बॉयलरची मनधरणी करायची, त्याला लाथ मारायची आणि मग त्याची माफी मागायची, हा नवऱ्याचा नेम बंद. आणि मुख्य म्हणजे लाँड्री चालू राहणार. कारण तपासणी अधिकाऱ्यानं त्या म्हाताऱ्या बॉयलरला शेवटची मुदत दिली होती. हिवाळा संपला की तो विझवायचा. नव्या बॉयलरसाठी बँकेनं आधीच हात वर केलेले. म्हणजे जमिनीखालून गरम पाणी आलं तर दुकान, नाही आलं तर कुलूप. मधलं काही नाही.

इतका भरभक्कम फायदा समोर असताना बाई खूश असायला हवी होती. पण जमेच्या बाजूला एक खडा होता. तेच पाणी, त्याच मुख्य नळातून, रस्त्याच्या पलीकडे धाकटीच्या काचघरातही जाणार होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, दोघींची घरं समोरासमोर. थोरलीची लाँड्री, हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्याचे गाऊन धुणारी. धाकटीची रोपवाटिका, काचेच्या छपराखाली फुलं वाढवणारी. फुलांच्या दुकानात माणसं हसत शिरतात, लाँड्रीत डाग घेऊन येतात. तीस वर्षं थोरली हे रस्त्यापलीकडून बघत आली होती. धाकटीनं तिचं कधी वाकडं केलं नव्हतं, आणि तेही थोरलीला खुपायचं. भांडायला निदान काहीतरी निमित्त तरी द्यावं माणसानं.

विहीर खोदणाऱ्या कंपनीनं शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली तेव्हा मोठे साहेब स्वतः आले होते. त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या पायाखाली काही किलोमीटरवर खडक इतका तापलेला आहे की पाणी टाकलं की ते उकळावं. तिथवर दोन भोकं पाडायची. एकातून थंड पाणी जोरात आत दाबायचं, खडकातल्या बारीक भेगा उघडायच्या, त्यांतून फिरून तापलेलं पाणी दुसऱ्या भोकातून वर घ्यायचं. धूर नाही, राख नाही, ऊन-वाऱ्याची वाट बघणं नाही.

"आणि भेगा उघडताना घरं पडली तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"खडक थोडा कुरकुरतो," साहेब म्हणाले. "ते मी लपवणार नाही. म्हणून आम्ही त्याची कुरकुर ऐकत राहणार. तुमच्या तळघरांमध्ये यंत्रं बसवू. हादरे ठरलेल्या मर्यादेत असले तर हिरवा दिवा. वाढले तर पिवळा, मग दाब कमी करायचा. आणखी वाढले तर लाल, मग पंपच बंद."

"म्हणजे खडक रागावला की तुम्ही माघार घेणार."

"अगदी तसंच."

"माझ्या सासऱ्यांना हे जमलं असतं तर बरं झालं असतं," धाकटी म्हणाली आणि सगळा हॉल हसला. थोरलीही हसली, पण सासरे दोघींचेच असताना टाळ्या एकटीनं का घ्याव्यात, हे काही तिच्या गळी उतरेना.

यंत्रं बसवण्याचं काम एका तरुण मुलीकडे होतं. भूकंपाचं शिक्षण घेतलेली, पाठीवर पिशवी, बुटांना कायम चिखल. गल्लीनं तिचं नाव पहिल्याच दिवशी 'कंपवाली' ठेवलं आणि तिनंही ते मानून घेतलं. यंत्र म्हणजे बिस्किटांच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, तिला एक वायर, बस्स. पहिल्या खेपेला एक पेटी धाकटीच्या तळघरात बसली. थोरलीकडे बसली नाही.

पाणी दाबायचा पहिला टप्पा सुरू झाला आणि एका सकाळी काचघरातल्या काचा किणकिणल्या. कुंडीसुद्धा कलंडली नाही, पण कोपऱ्यावरच्या माहिती केंद्रात भिंतीवर मोठा नकाशा लावलेला होता. त्यावर प्रत्येक यंत्राचा ठिपका, आणि तळघर जितकं हलेल तितका ठिपका फुगायचा. धाकटीचा ठिपका टपोरा झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाला आला. धाकटी तळघरात पेटीशेजारी उकिडवी बसलेली, एका हातात फुलांची परडी, असा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'पृथ्वीची नाडी यांच्या घरात'.

थोरलीनं तो अंक शर्ट गुंडाळायला वापरला, फोटोची बाजू आत.

"अहो, आपलं तळघर काय मेलंय का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आपल्याकडे यंत्रं गरगरतात दिवसभर. त्या पोरीला खडकाचं ऐकायचंय, आपल्या हायड्रोचं नाही." हायड्रो म्हणजे धुतलेले कपडे गरगर फिरवून पिळणारं यंत्र. ते सुरू झालं की भिंतीवरचं घड्याळही नाचायचं.

"त्यांच्याकडेच बरं ऐकू येतं सगळं."

"तू पाण्याकडे लक्ष दे. पाणी आलं की झालं."

पण बाईला आता पाण्यात रस उरला नव्हता. ती थेट मोठ्या साहेबांकडे गेली. रस्त्याच्या एकाच बाजूला यंत्रं का, आमच्या बाजूची माणसं काय कापसाची आहेत का, वगैरे. साहेबांना गल्लीत कोणी नाराज नको होतं. त्यांनी कंपवालीला सांगितलं, बसवून टाक.

कंपवालीनं तळघर फिरून बघितलं. मागच्या अंगणाखाली, यंत्रांपासून लांब, उघड्या दगडाची जमीन होती. ती तिथे गुडघ्यावर बसली, दगडावर हात फिरवला आणि खूश झाली.

"काकू, ही जागा सोनं आहे. या बाजूला मला यंत्र हवंच होतं, पण इतका चांगला दगड असेल असं वाटलं नव्हतं. फक्त एक करा, पेटी इथून इंचभरही हलवू नका."

"तिच्यापेक्षा चांगली जागा?"

"कोणापेक्षा?"

"समोरच्यांपेक्षा गं."

"कितीतरी. त्यांचं घर भरावाच्या मातीवर आहे. माती लगेच थरथरते. तुमचं अस्सल खडकावर. खडकावरचं यंत्र कमी हलतं, पण खरं बोलतं."

यातलं थोरलीच्या कानात एवढंच राहिलं, की कमी हलतं.

आणि झालंही तसंच. पुढच्या प्रत्येक हादऱ्याला धाकटीचा ठिपका फुगे आणि थोरलीचा मोहरीएवढा राही. माहिती केंद्रात माणसं नकाशाकडे बघून म्हणत, "आज पलीकडच्या वहिनींकडे चांगलंच जाणवलं असेल." मग चौकशीला जात. बसत. जाताना रोप विकत घेत. थोरलीकडे कोणी फिरकेना. एका गिऱ्हाइकानं तर विचारलं, "तुमचं यंत्र चालू आहे ना?"

त्याच दुपारी तिनं इस्त्रीवालीला हाक मारली. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलांवर चार बायका होत्या. ही त्यांच्यातली सगळ्यात जुनी.

"जरा खाली ये. पेटी सरकवायचीय."

"बाई, ती हलवू नका म्हणाली होती ना ती?"

"तिथे ओल आहे. बिघडली तर आपल्यावर येईल."

ओल नव्हती. दोघींनी पेटी उचलून तळघराच्या पुढच्या भागात आणली आणि हायड्रो ज्या काँक्रीटच्या खांबावर उभं होतं, त्याच्या पायथ्याशी ठेवली. वायर तिथवर पोचली. वर हायड्रो सुरू झालं. थोरली हात पुसत माहिती केंद्रात गेली, सहज आल्यासारखी, आणि नकाशासमोर उभी राहिली. तिचा ठिपका भोपळ्याएवढा झाला होता. धाकटीचा त्याच्या आड दिसतही नव्हता.

"अगंबाई," शेजारी उभी असलेली शिक्षिका म्हणाली, "तुमच्याकडे केवढं हलतंय!"

"काय सांगायचं," थोरली म्हणाली, "आम्ही आपलं सोसतोय."

पुढचे दिवस तिचे सोन्याचे गेले. माणसं चौकशीला यायला लागली, तिनं दुकानात दोन खुर्च्या वाढवल्या. धाकटीसुद्धा रस्ता ओलांडून आली, हातात फुलझाडाची कुंडी.

"ताई, तुमच्याकडे फारच जोर आहे म्हणे. भीती वाटत असेल तर झोपायला या आमच्याकडे."

"भीती कसली? ज्याचं घर भक्कम, त्यालाच खरं कळतं." थोरलीनं कुंडी घेतली आणि साबणाच्या पिंपामागे ठेवून दिली.

कंपनीच्या कचेरीत मात्र वेगळंच चाललं होतं. नकाशा लोकांसाठी होता. खरा हिशेब कंपवाली करायची. सगळ्या पेट्यांच्या नोंदी जुळवून हादरा किती मोठा आणि नेमका कुठे झाला ते काढायची, आणि त्यावरच दिव्याचा रंग ठरायचा. लाँड्रीची पेटी अचानक दिवसभर गोंगाट करायला लागलेली तिनं पाहिली. तिनं जाऊन बघायला हवं होतं. पण लाँड्रीत जाणं म्हणजे तासभर चहा, आणि तासभर धाकटीच्या उखाळ्यापाखाळ्या. मागच्या वेळी तर थोरलीनं तिला सासूच्या कपाटातल्या साड्यांची वाटणी कशी झाली, इथपासून सुरुवात केली होती. पोरगी दमलेली होती. तिनं पडद्यावर त्या पेटीच्या नावापुढची खूण काढून टाकली. गोंगाट म्हणून हिशेबातून बाद. नंतर सवडीनं बघू.

सवड झाली नाही. पाणी दाबायचा शेवटचा, सगळ्यात मोठा टप्पा सुरू झाला. खाली भेगा उघडत होत्या आणि त्या लाँड्रीच्या बाजूला सरकत होत्या. त्या बाजूला खरं बोलणारी एकच पेटी होती आणि ती चादरी पिळल्या जात असल्याची बातमी देत होती. बाकीच्या पेट्यांच्या जोरावर काढलेला हिशेब सांगत होता, की भेगा वस्तीबाहेर शेतांकडे चालल्यात आणि हादरे किरकोळ आहेत. दिवा हिरवा राहिला. पंप चालू राहिले.

दुपारी इस्त्रीच्या टेबलांवर काम ऐन रंगात असताना जमिनीनं खालून एक ठोसा मारला. मग सगळं आडवं हललं. टांगलेल्या चादरी एका दिशेला गेल्या आणि परत आल्या. भिंतीला छतापासून चीर पडली, बॉयलरचा पाइप सांध्यात निखळला आणि वाफेनं खोली भरली. थोरलीनं सगळ्यांना रस्त्यावर काढलं. रस्त्यावर आली आणि तिला समोरून काचा पडल्याचा आवाज ऐकू आला. तो संपेचना.

तेव्हा ती धावली, हे तिच्या खात्यावर मांडायला हवं. हिशेबात हयगय नको. चप्पल न घालता काचांवरून गेली, दिराला कुंड्यांच्या रांगेतून ओढून बाहेर काढलं, त्याच्या रक्तानं भिजलेल्या खांद्यावर स्वतःचा पदर दाबून धरला. धाकटी वाफ्यात बसून राहिली होती. थोरलीनं तिच्या केसांतले काचेचे तुकडे एकेक करून वेचले.

"ताई, तुमच्याकडे सगळे ठीक?" धाकटीनं विचारलं.

"ठीक आहोत गं. हलू नकोस."

मग गल्ली जमली. कोणी धाकटीला खुर्ची आणली, कोणी पाणी, कोणी तिच्या अंगावर शाल घातली. "बिचारीचं सगळं गेलं." थोरलीच्या तळपायातून रक्त येत होतं. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिचं स्वतःचं मात्र गेलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं इस्त्रीवालीला घेऊन पेटी परत मागच्या दगडावर ठेवली.

दोन दिवसांनी कंपवाली आली. चहा नको म्हणाली. तळघरात जाऊन तिनं पेटी आणि खालचा दगड तपासला.

"काकू, तुमची पेटी आता एकदम शहाण्यासारखी वागतेय."

"बंदच आहे सगळं. आवाज कुठून होणार?"

"हायड्रो बंद आहे म्हणून मागच्या दगडावर फरक पडायला नको. तिथवर हायड्रो पोचतच नव्हतं, मी स्वतः तपासलं होतं." तिनं आवाज खाली आणला. "मी तुमच्यावर ठपका ठेवायला नाही आले. चूक माझीही आहे, मी येऊन बघितलं नाही. पण चौकशी समिती बसणार आहे, तिच्यासमोर मला एक गोष्ट सांगता आली पाहिजे. खडक अचानक उसळला, की आम्ही त्याचं ऐकलं नाही? अचानक उसळला असं ठरलं तर विहीर सिमेंट ओतून कायमची बुजवतील. ऐकण्यात चूक झाली असं ठरलं तर दाब कमी ठेवून, नीट ऐकत, पुन्हा सुरू करता येईल. पाणी येईल. पेटी हलवली होती का, एवढंच सांगा."

"मी कशाला हलवू?"

"तुमच्या बॉयलरचं मला माहीत आहे, काकू."

ती गेल्यावर नवरा जिन्यात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "सांगून टाक," तो म्हणाला. "चार लोक हसतील. हसून हसून किती दिवस हसतील?"

"तुम्हाला काय जातंय."

"दुकान जातंय."

रात्रभर तळमळून तिनं ठरवलं, सांगायचं. ओल वाटली म्हणून सरकवली, कळलं नाही, असं. माफी मागायची. पाणी येईल.

चौकशी त्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. आधी कंपवाली उठली. आपण लाँड्रीची पेटी न बघता हिशेबातून काढली, तिथे जायला हवं होतं, असं तिनं स्वच्छ सांगितलं. पेटीत गोंगाट कुठून आला ते मात्र आपल्याला सिद्ध करता येत नाही, असंही.

अध्यक्षबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "आपण यंत्र जागेवरून हलवलं होतं का?"

थोरली उठली. शब्द ओठांवर आले होते.

"ताईंना काय विचारता?" पहिल्या रांगेतून धाकटी उभी राहिली. शेजारी हात गळ्यात बांधलेला दीर. "त्यांनी ती पेटी लेकरासारखी जपली. हलवली ती मी! कुंड्या ठेवायला जागा नव्हती म्हणून एकदा सरकवली होती आमची. त्याच दिवशी या कंपवालीला फोन करून सांगितलं आणि हिनं असं झापलं मला की विचारू नका. मी कबूल करते बाई, माझंच चुकलं."

हॉल हसला. अध्यक्षबाईही हसल्या. कंपवालीनं मान हलवली, हो, तसंच झालं होतं, त्यानं काही बिघडलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "असं मोकळं मन पाहिजे माणसाचं," आणि टाळ्या वाजल्या.

थोरली उभीच होती. आता कबूल करायचं म्हणजे धाकटीच्या मागून करायचं. तिची चूक गोड, हिची घोडचूक. तिनं त्याच दिवशी सांगितलं, हिनं काचा फुटल्यावर. कबुलीचा मानसुद्धा ती आधीच घेऊन बसली होती, आणि वर ताईंनी लेकरासारखी जपली म्हणून प्रशस्तिपत्रक दिलं होतं. ते आता सगळ्यांसमोर परत कसं करायचं? मागच्या रांगेत इस्त्रीवाली पदराचं टोक चावत बसली होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"बाई?" अध्यक्षबाईंनी आठवण करून दिली.

"नाही," थोरली म्हणाली. "जागची हलली नाही."

पेटी हलली नाही म्हणजे गोंगाट खडकाचाच, असं धरून समितीनं लिहिलं की या ठिकाणचा खडक भरवशाचा नाही. महिन्याभरात दोन्ही भोकांत सिमेंट ओतलं गेलं. तापलेला खडक खाली आहे तसाच आहे, त्याचं काही गेलं नाही.

आता कोणी किती भरलं ते बघू. कंपनीनं विमा उतरवलेला होता, मोठे साहेब दुसऱ्या शहरात तसंच भोक पाडायला गेले. धाकटीला काचांची भरपाई मिळाली. तिनं लहानसं काचघर पुन्हा उभं केलं, गॅसवर. आपण कधी कोणाच्या स्पर्धेत होतो हे तिला आजही माहीत नाही. दिराचा हात खांद्याच्या वर जात नाही. कंपवालीच्या सहीचा हिशेब आता कोणी घेत नाही, ती एका दुकानात हवामान मोजायची खेळणी विकते. गल्लीची धुराडी पहिल्यासारखी धूर सोडतात. थोरलीच्या दुकानाला हिवाळ्याच्या अखेरीस कुलूप लागलं. नवरा कुलपाची किल्ली अजून खिशात बाळगतो आणि बायकोशी कामापुरतं बोलतो. थोरलीला मिळालं इतकंच, की त्या हॉलमध्ये ती धाकटीच्या खाली गेली नाही. ते तिनं रोख मोजून घेतलं.

आणि इस्त्रीच्या टेबलांवरच्या चार बायका. दोघी मुलांना घेऊन माहेरी गेल्या, एक घरोघरी कपडे मागत फिरते, आणि सगळ्यात जुनी हॉटेलच्या तळमजल्यावर निम्म्या पगारावर उभी असते. त्यांना ना पाण्याचा नळ मिळणार होता, ना नकाशावर ठिपका. सगळ्यात मोठा आकडा त्यांच्याच नावावर पडला.